पत्रकाची भाषा कशी पारखावी?

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू ह्यांच्यासाठी पाठ)

बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती पाहण्याची आपली रीत आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजावेत, आणि उगवण कमी आढळल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे अथवा ते बियाणेच बाजूस ठेवावे. दाणा दिसावयास टपोरा आहे, एवढ्यावर कोणताही जाणता शेतकरी पेरणी करीत नाही. परंतु पेरणीसंबंधीचे जे पत्रक आपण गावोगाव वाटतो, त्याची उगवणशक्ती मात्र क्वचितच पाहिली जाते. शिफारस शास्त्रीय आहे, व्याकरण शुद्ध आहे, छपाई सुबक आहे, एवढे झाले की पत्रक बाहेर पडते. ते वाचून शेतकऱ्याच्या हातून योग्य ती कृती घडेल किंवा कसे, ह्याची परीक्षा होत नाही.

ही परीक्षा घेता येते आणि ती अवघड नाही. तिच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी मोजणीची. मजकुरातील वाक्ये व शब्द मोजून तो कोठे जड झाला आहे हे तिच्यामुळे कळते. दुसरी पायरी वाचकाची. ज्याच्यासाठी पत्रक लिहिले, त्याच्याकडूनच ते तपासून घ्यावयाचे. मोजणी दोष कोठे असावा हे दाखविते, परंतु पत्रक समजले की नाही हे केवळ वाचकच सांगू शकतो. ह्या दोहोंचा उपयोग कसा करावा, हे प्रस्तुत पाठात उदाहरणासह सांगितले आहे.

विषयाचे महत्त्व

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. सात वर्षे व त्यावरील वयाच्या ज्या व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते, तिला जनगणनेत साक्षर म्हणतात. ह्याचा अर्थ असा की, आपले पत्रक वाचू शकणारी व्यक्ती आज बहुतेक घरांत आहे. परंतु अक्षरे वाचणे निराळे आणि पत्रक हाती धरून पंपात औषध मोजून घालणे निराळे. पुष्कळ घरांत पत्रक वाचतो शाळकरी मुलगा आणि काम करतात त्याचे आईवडील. अशा वेळी मजकूर डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी समजून घ्यावा लागतो. लांबलचक वाक्य कानावर पडत असता त्याचा शेवट येईपर्यंत आरंभ विसरला जातो.

अन्य विषयांवरील लेख समजला नाही, तर वाचक तो बाजूस ठेवतो. त्यात फारशी हानी होत नाही. शेतीविषयक पत्रकाचे तसे नाही. ग्रॅमच्या जागी किलो समजला गेला अथवा ‘नका’ हा शब्द नजरेतून सुटला, तर हंगाम वाया जाऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तिचा दोष केवळ लेखी सूचनांच्या भाषेवर टाकणे योग्य होणार नाही. तथापि सावधगिरीची सूचना ज्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे त्याच्यापर्यंत ती समजेल अशा शब्दांत पोहोचविणे, हा आपल्या कर्तव्याचाच भाग होय, एवढा बोध त्यावरून अवश्य घ्यावा.

मोजणीच्या पद्धतींचा उगम

मजकूर वाचावयास किती सोपा अथवा अवघड आहे, हे आकड्यांनी सांगण्याचे प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेत झाले. १९४८ साली रुडॉल्फ फ्लेश ह्यांनी आपले प्रसिद्ध सूत्र मांडले. त्यात दोनच गोष्टी मोजल्या जातात. एक, वाक्यात सरासरी किती शब्द आहेत; आणि दुसरी, शब्दात सरासरी किती उच्चारखंड आहेत. त्यांवरून साधारणपणे शून्य ते शंभर ह्यांच्या दरम्यान एक अंक निघतो. अंक जितका मोठा, तितका मजकूर सोपा. त्याच वर्षी एडगर डेल व जीन चॉल ह्यांनी दुसरी पद्धत सुचविली. त्यांनी शब्दांची लांबी मोजली नाही. सामान्य वाचकाच्या परिचयातील सुमारे ३,००० शब्दांची यादी घेऊन, तिच्या बाहेरचे शब्द मजकुरात किती येतात, हे त्यांनी पाहिले. १९५२ साली रॉबर्ट गनिंग ह्यांनी ‘धुके-अंक’ पुढे आणला. वाक्यातील सरासरी शब्द आणि तीन किंवा अधिक उच्चारखंडांच्या शब्दांचे शेकडा प्रमाण, ह्यांची बेरीज करून तिला ०.४ ने गुणावयाचे. अंक मोठा आला की लिखाणावर धुके दाट आहे असे समजावयाचे. पुढे १९७५ साली अमेरिकन नौदलाच्या पुस्तिकांसाठी फ्लेश ह्यांच्या सूत्रात सुधारणा करण्यात आली. ही सूत्रे आज संगणकावरील अनेक लेखनप्रणालींत इंग्रजीसाठी तयार मिळतात.

ह्या सर्व पद्धतींच्या मुळाशी असलेला विचार साधा आहे. लांब वाक्य स्मरणशक्तीवर ताण आणते आणि अपरिचित शब्द वाचकाला अडवितो. हा विचार कोणत्याही भाषेस लागू पडतो. सूत्रे मात्र इंग्रजीच्या मापाने बेतलेली आहेत, ती जशीच्या तशी मराठीस लावता येत नाहीत.

मराठीला ही सूत्रे का लागू पडत नाहीत?

मराठीत विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत जेथे दोन-तीन सुटे शब्द लागतात, तेथे मराठीत ‘पेरणीसाठी’, ‘बियाण्यापासून’, ‘वावरातला’ असा एकच लांब शब्द होतो. गनिंग ह्यांच्या हिशेबाने हे सारे शब्द अवघड ठरतील. प्रत्यक्षात ते शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातील आहेत. ‘कोळपणी’ हा शब्द लांब आहे म्हणून तो कोणास अडला असे होत नाही. उलट ‘मृदा’, ‘आर्द्र’, ‘सामू’ हे शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत. त्यांपैकी ‘सामू’ म्हणजे जमिनीची आम्लता किंवा विम्लता दाखविणारा अंक, हे शिकविल्याशिवाय कोणास कळणार नाही. म्हणून मराठीत शब्दाच्या लांबीवरून त्याची काठिण्यपातळी ठरवू नये.

मग मराठीत मोजावे तरी काय? पुढील चार गोष्टी कागद-पेन्सिलीने मोजता येतात व त्या उपयोगी पडतात:

१. वाक्यातील शब्दांची संख्या.
२. एका वाक्यात सांगितलेल्या कृतींची संख्या.
३. ‘करण्यात यावे’, ‘करण्यात येऊन’, ‘होण्याच्या दृष्टीने’ अशा कचेरी वळणाच्या रचना.
४. गावच्या बोलण्यात नसलेले शब्द.

ह्यांपैकी दुसरी मोजणी शेतीच्या लिखाणात सर्वांत महत्त्वाची आहे. वर्णनाचे वाक्य थोडे लांबले तरी चालते. सूचनेच्या वाक्यात मात्र शक्यतो एकच कृती असावी.

उदाहरण: हरभऱ्याची बीजप्रक्रिया

नेहमीच्या पत्रकी वळणाचा एक नमुना घेऊ:

“हरभरा पिकाचे मर रोगापासून संरक्षण होण्याच्या दृष्टीने पेरणीपूर्वी प्रतिकिलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ह्या प्रमाणात बीजप्रक्रिया करण्यात येऊन तदनंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम ह्या प्रमाणात रायझोबियम जीवाणूसंवर्धकाची गुळाच्या थंड द्रावणात मिसळून प्रक्रिया करण्यात यावी व प्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून त्वरित पेरणी करण्यात यावी.”

ह्यातील शिफारसीत चूक नाही. आता मोजणी करू. आकडा हाही एक शब्द धरल्यास हे ४५ शब्दांचे एकच वाक्य आहे. त्यात सहा कृती आहेत: ट्रायकोडर्मा चोळणे, गुळाचे पाणी करून थंड करणे, त्यात रायझोबियम मिसळणे, ते बियाण्यास चोळणे, बियाणे सुकविणे आणि पेरणे. ‘करण्यात’ हा शब्द तीन वेळा आला आहे. पण करावयाचे कोणी, हे कोठेच सांगितलेले नाही. ‘प्रक्रिया’ हा शब्दही तीन वेळा आहे, परंतु प्रक्रिया म्हणजे हाताने नेमके काय करावयाचे, ते वाचकाने ओळखावयाचे आहे. शिवाय एक प्रमाण १ किलोस दिले आहे व दुसरे १० किलोंस. वाचता वाचता हा फरक सहज निसटतो.

हाच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“हरभऱ्याला मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. १० किलो बियाण्याला ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा घ्या. थोडा गूळ पाण्यात उकळा आणि ते पाणी पूर्ण थंड होऊ द्या. त्या पाण्यात रायझोबियमचे २५० ग्रॅमचे एक पाकीट कालवा. हे कालवलेले मिश्रण त्याच १० किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळा. बियाणे सावलीत तासभर सुकवा, उन्हात ठेवू नका. सुकले की त्याच दिवशी पेरा.”

येथे ७ वाक्ये व ५७ शब्द आहेत. म्हणजे वाक्यात सरासरी सुमारे ८ शब्द पडतात. सर्वांत मोठे वाक्य ११ शब्दांचे आहे. दोन्ही प्रमाणे आता १० किलोंनाच दिली आहेत. एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. एकूण शब्द ४५ वरून ५७ झाले, म्हणजे १२ ने वाढले. सुबोध लिहिणे म्हणजे थोडक्यात आटोपणे नव्हे. कागद वाचविण्यासाठी सहा कृती एका वाक्यात कोंबल्या, तर कागद वाचतो पण बियाणे वाया जाते.

वाचकाची कसोटी

मोजणीच्या दृष्टीने दुसरा नमुना उत्तम उतरला. तरी तो अजून छापण्यायोग्य झाला नाही. तो शेतकऱ्याच्या हाती दिला, तर पहिलाच प्रश्न येईल: “गूळ किती घ्यायचा?” ‘थोडा गूळ’ हे दोन शब्द लहान आहेत, सोपे आहेत आणि निरुपयोगी आहेत. कोणतेही सूत्र हा दोष दाखविणार नाही, कारण सूत्र लिहिलेले शब्द मोजते, न लिहिलेले मोजत नाही. तेथे “१ लिटर पाण्याला १२५ ग्रॅम गूळ” असे माप हवे, आणि बियाण्यावर थर बसण्यापुरतेच मिश्रण वापरावे, बियाणे भिजवू नये, हेही सांगावयास हवे. दुसरा प्रश्न असा येईल: “बियाण्याला दुसरे औषध लावायचे असेल, तर आधी कोणते?” रासायनिक औषध लावावयाचे असल्यास ते प्रथम व जीवाणूसंवर्धक सर्वांत शेवटी, हा क्रम पत्रकात स्पष्ट असला पाहिजे. नाहीतर संवर्धकातील उपयुक्त जीवाणू मरण्याचा संभव असतो.

असे प्रश्न छपाईपूर्वी बाहेर यावेत, यासाठी दोन कसोट्या आहेत.

पहिली, करून दाखविण्याची कसोटी. पत्रकाचा कच्चा मसुदा तीन-चार शेतकऱ्यांना, स्त्रियांनाही, स्वतंत्रपणे वाचावयास द्यावा अथवा वाचून दाखवावा. नंतर “समजले ना?” असे विचारू नये. गावी आलेल्या माणसाचे मन मोडू नये म्हणून बहुतेक जण “समजले की, साहेब” असेच म्हणतात. त्याऐवजी “आता तुम्ही पहिल्याने काय कराल? मग काय? किती घ्याल?” असे विचारावे. साहित्य जवळ असल्यास प्रत्यक्ष करून दाखवावयास सांगावे. सांगणारा जेथे अडखळेल, जेथे पुन्हा कागदाकडे वळेल अथवा चुकीचे माप घेईल, तेथे मसुद्यावर खूण करावी. ही परीक्षा पत्रकाची आहे, शेतकऱ्याची नव्हे, हे आरंभीच त्यास सांगावे. शेतकरी चुकला तर दुरुस्ती वाक्याची करावी.

दुसरी, रिकाम्या जागांची कसोटी. विल्सन टेलर ह्यांनी ती १९५३ साली मांडली. मजकुराचे पहिले वाक्य तसेच ठेवून पुढे दर पाचवा शब्द गाळावा व त्या जागी रेघ ओढावी. वाचकाने संदर्भावरून शब्द भरावेत. मजकूर सुबोध व ओघवता असेल, तर पुष्कळ जागा बरोबर भरल्या जातात. विस्कळीत असेल तर वाचक चाचपडतो. आपल्या कामासाठी तीत थोडा बदल करावा. मात्रेचे आकडे गाळू नयेत, कारण आकडा संदर्भावरून ओळखता येत नाही. तसेच, त्याच अर्थाचा गावचा शब्द भरला तर तो बरोबर धरावा. इतकेच नव्हे, तर तो वहीत टिपून घ्यावा. कदाचित आपल्या शब्दापेक्षा तोच अधिक चांगला असेल. एकाच विषयाचे दोन मसुदे तयार असता त्यांतील कोणता घ्यावा, हे ठरविण्यास ही कसोटी विशेष सोयीची आहे.

गावचा शब्द आणि शास्त्राचा शब्द

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना होऊन शासनव्यवहाराच्या व शास्त्रांच्या मराठी परिभाषेचे कार्य हाती घेण्यात आले. पाठ्यपुस्तकांस व शासकीय कामकाजास परिभाषा हवीच. तिच्यावाचून एका शब्दाचा एकच अर्थ राहत नाही. तथापि परिभाषा कोशातील शब्द पत्रकात जसाच्या तसा घालून चालत नाही. त्याच्या शेजारी ओळखीचा शब्द ठेवावा लागतो.

हा ओळखीचा शब्दही सर्वत्र एक नाही. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास कुळव म्हणतात, त्यास विदर्भ-मराठवाड्यात वखर म्हणतात. एकीकडे पाभर तर दुसरीकडे तिफण, एकीकडे कोळपणी तर दुसरीकडे डवरणी. विदर्भातला शेतकरी कपाशीच्या झाडास पऱ्हाटी म्हणेल. डेल व चॉल ह्यांनी जशी परिचित शब्दांची यादी वापरली, तशी यादी आपल्या गटासाठी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः करावी. एका वहीत डाव्या बाजूस पत्रकातील शब्द व उजव्या बाजूस गावात चालणारा शब्द लिहावा. एक-दोन हंगामांत ही वही कोणत्याही छापील कोशाइतकी उपयुक्त होईल. जिल्ह्याहून आलेले पत्रक गावात वाचून दाखविताना तिचा तत्काळ उपयोग होतो.

जे शब्द इंग्रजीतून येऊन रुळले आहेत, त्यांना हटवू नये. पंप, लिटर, ड्रिप, युरिया हे शब्द आता शेतकऱ्याचेच झाले आहेत. उदाहरणार्थ, केवळ ‘ठिबक’ किंवा केवळ ‘ड्रिप’ असा हट्ट न धरता, गावात जे चालते ते वापरावे. मात्र एकच पत्रक असेल तर त्यात एका वस्तूस शेवटपर्यंत एकच नाव ठेवावे. पहिल्या परिच्छेदात ‘औषध’, दुसऱ्यात ‘कीटकनाशक’ आणि तिसऱ्यात ‘रसायन’ असे लिहिले, तर भाषा अलंकृत होईल, पण वाचक तीन निरनिराळ्या वस्तू शोधीत बसेल.

मापे लिहिताना

शिफारस हेक्टरी असते, शेतकरी हिशेब एकराने करतो. १ हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर व १ एकर म्हणजे ४० गुंठे. हे गणित वाचकावर न सोपविता लिहिणाऱ्यानेच करून द्यावे. हेक्टरी १०० किलो ही मात्रा असेल, तर “एकरी ४० किलो” असे लिहावे.

फवारणीच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. “पंपास २० मि.लि.” असे लिहिणे धोक्याचे आहे, कारण कोणता पंप १० लिटरचा असतो तर कोणता १५ किंवा १६ लिटरचा. “१० लिटर पाण्यास २० मि.लि.; पंप १५ लिटरचा असेल तर ३० मि.लि.” असे लिहिल्यास शंका उरत नाही. “एक झाकण” असेही लिहू नये. प्रत्येक बाटलीचे झाकण निरनिराळ्या मापाचे असते. टक्केवारीचेही तसेच आहे. “५ टक्के निंबोळी अर्क फवारावा” ह्या वाक्यात पाचच शब्द आहेत आणि मोजणीत ते निर्दोष ठरते. परंतु १०० लिटर द्रावणास ५ किलो निंबोळी, म्हणजे १० लिटरच्या पंपास अर्धा किलो, हे त्यातून किती जणांस उमगेल?

सावधगिरीची सूचना

पुढील वाक्य पाहा: “फवारणी करतेवेळी संरक्षक साधनांचा वापर न केल्यास विषबाधा होण्याची शक्यता नाकारता येत नाही.” वाक्य १३ शब्दांचे आहे, फार लांब नाही. तरीही ते सदोष आहे. त्यात ‘न केल्यास’, ‘नाकारता’, ‘येत नाही’ असे नकारांचे वेढे आहेत. साधने कोणती हे सांगितलेले नाही, आणि प्रत्यक्ष आज्ञा तर कोठेच नाही. जीविताशी संबंध असलेली सूचना अशी आडून सांगू नये. ती पुढीलप्रमाणे सरळ असावी:

“फवारताना हातमोजे, मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे घाला. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, विडी-तंबाखूला हात लावू नका. डोके दुखू लागले, मळमळले किंवा नजर अंधुक झाली, तर काम थांबवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा.”

ह्यातील शेवटचे वाक्य २१ शब्दांचे आहे. केवळ आकड्यांवर जाणारा परीक्षक त्यास दोष देईल. परंतु त्यातील प्रत्येक शब्द ओळखीचा आहे आणि कृतींचा क्रम घडावयाच्या क्रमानेच आहे. म्हणून ते कानाला सहज कळते. मोजणीचा आकडा हा इशारा समजावा, निकाल समजू नये.

ज्यांस वाचता येत नाही, त्यांना डब्यावरील रंगखूण शिकवावी. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या भागात लाल रंग असल्यास औषध अत्यंत विषारी, पिवळा असल्यास त्याहून कमी, निळा असल्यास मध्यम व हिरवा असल्यास सौम्य समजावे. पत्रकात ही खूण रंगांसह छापावी. छपाई एकरंगी असेल, तर खऱ्या डब्यावर बोट ठेवून ती दाखवावी. हिरवी खूण म्हणजे निर्धोक नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे.

संगणकाचे साहाय्य व त्याच्या मर्यादा

आज बहुतेक कार्यकर्त्यांच्या हाती मोबाईल आहे व तालुक्याच्या कचेरीत संगणक आहे. त्यांचा उपयोग पुढील कामी होतो. शब्दमोजणी: शब्द मोकळ्या जागेवरून मोजले जात असल्याने ती मराठीतही सामान्यतः बरोबर येते. शोध: ‘करण्यात’, ‘दृष्टीने’, ‘द्वारे’ हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी सरळ क्रियापद घालता येते का, ते पाहावे. वाचन: मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय असल्यास ती लावून डोळे मिटून ऐकावे. जेथे कान अडेल तेथे वाक्य तोडावे.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. पूर्णविराम दिसला की वाक्य संपले असे अनेक मोजणी-साधने समजतात. त्यामुळे ‘मि. लि.’ किंवा ‘कि. ग्रॅ.’ असे लिहिल्यास एका वाक्याची तीन वाक्ये मोजली जातात व मजकूर आहे त्यापेक्षा सोपा भासतो. अक्षरांच्या मोजणीवर तर विश्वास ठेवूच नये. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर आहे, परंतु युनिकोड पद्धतीत ते सहा संकेतांनी लिहिले जाते आणि काही साधने ते सहा मोजतात. इंग्रजीसाठीची सुबोधतेची सूत्रे मराठी मजकुरास लावून आलेला अंक अर्थहीन समजावा.

अलीकडे परिच्छेद देऊन तो सोपा करून मागण्याची सोयही संगणकावर झाली आहे. मसुद्यासाठी तिचे साहाय्य घेण्यास हरकत नाही. मात्र तिच्याकडून आलेला मजकूर मूळ शिफारशीशी ओळीगणिक ताडून पाहावा. प्रत्येक आकडा, प्रत्येक एकक आणि प्रत्येक ‘नका’ जागच्या जागी आहे, ह्याची खात्री झाल्यावाचून तो वापरू नये. पत्रकावर नाव ज्याचे, जबाबदारी त्याची.

शेतकरी बंधूंना विनंती

पत्रक समजले नाही तर आपलेच शिक्षण कमी पडले, असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा लिहिणाराच कमी पडलेला असतो. जे वाक्य कळले नाही त्याखाली रेघ ओढावी व ते पत्रक पुढच्या भेटीत कार्यकर्त्यास दाखवावे. मात्रेविषयी शंका असल्यास अंदाजाने औषध घालू नये, आधी विचारावे. घरातील मुलाने पत्रक वाचून दाखविले, तर मोठ्यांनी ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे. ह्या साध्या सवयीने निम्म्या चुका घरातच सापडतील.

सारांश

१. मसुद्यातील प्रत्येक वाक्याचे शब्द मोजा. १५ शब्दांहून लांब वाक्य पुन्हा वाचून पाहा व शक्य तेथे तोडा.
२. सूचनेच्या वाक्यात शक्यतो एकच कृती ठेवा आणि कृती घडावयाच्या क्रमाने लिहा.
३. ‘करण्यात यावे’ ऐवजी ‘करा’ लिहा. जे करू नये त्यासाठी ‘नका’ लिहा. दुहेरी नकार टाळा.
४. वस्तूस एकच नाव, मापास एकच आधार. हेक्टरचे एकर करून द्या.
५. शास्त्राच्या शब्दाशेजारी गावचा शब्द ठेवा.
६. निदान तीन वाचकांकडून मसुदा करवून पाहा. ते जेथे अडतील तेथे वाक्य बदला व पुन्हा दाखवा.
७. छपाईपूर्वी सर्व आकडे मूळ शिफारशीशी दुसऱ्या व्यक्तीकडून ताडून घ्या.

स्वाध्याय

आपल्या कचेरीतील कोणतेही एक जुने पत्रक घ्या. त्यातील सर्वांत लांब वाक्य निवडून त्याचे शब्द व कृती मोजा. ते तोडून पुन्हा लिहा आणि दोन्ही नमुने दोन निरनिराळ्या शेतकऱ्यांना वाचून दाखवा. प्रत्येकास “आता काय कराल?” एवढेच विचारा व उत्तर शब्दशः टिपून घ्या. मासिक बैठकीत ती टिपणे एकत्र वाचावीत. कोणते वाक्य शेतापर्यंत पोहोचले व कोणते वाटेतच राहिले, हे त्यांवरून सर्वांच्या ध्यानात येईल.